भीती आणि सोबत : एका जर्मन चित्रपटाचे मर्म

एकटेपणावर औषध कोणते, असे विचारले तर कोणीही चटकन उत्तर देईल, की सोबत. उत्तर खोटे नाही. पण ते अपुरे आहे. सोबत कोणाची, ती कोणत्या अटींवर मिळते, आणि ती चारचौघांना मान्य नसेल तर माणसाने काय करावे, हे प्रश्न त्या एका शब्दाखाली झाकून राहतात. या झाकलेल्या प्रश्नांना हात घालणारा एक जर्मन चित्रपट १९७४ साली पडद्यावर आला. त्याचे दिग्दर्शक रायनर वेर्नर फासबिंडर हे त्या वेळी तिशीच्याही आतले होते. चित्रपट अवघ्या दीड तासाचा. सुमारे पंधरा दिवसांत तो चित्रित झाला. त्यात भव्य देखावे नाहीत, मोठी गर्दी नाही, युद्ध नाही की खून नाही. एक साठीची झाडूवाली विधवा आणि तिच्याहून वीसेक वर्षांनी लहान असा एक मोरोक्कोचा मजूर, यांची ती कथा आहे. तरीही त्याच वर्षी कान येथील महोत्सवात समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे पारितोषिक त्याला मिळाले, आणि पन्नास वर्षे उलटून गेल्यावरही तो जगभर पाहिला जातो. असे का व्हावे, याचा विचार आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

नावातील मोड

प्रथम चित्रपटाच्या नावाकडेच पाहू. त्या नावाचा अर्थ 'भीती जिवाला खाऊन टाकते' असा सांगता येईल. पण मूळ जर्मन नाव असे शुद्ध नाही. ते मोडक्या जर्मनमध्ये आहे. आपल्याकडे एखादा परप्रांतीय माणूस शब्द तेवढे जुळवून 'भीती जीव खाणे' असे काहीसे म्हणेल, तसे ते आहे. क्रियापद चुकलेले, शब्दांची जोडणी ढिली. अर्थ मात्र चुकलेला नाही. हे वाक्य कथेतील त्या मजुराच्या तोंडी येते. म्हातारी त्याला सांगते, की मला भीती वाटते. आणि तो आपल्या तुटपुंज्या भाषेत आपल्याकडची म्हण तिला ऐकवतो.

ही भाषेची मोड चित्रपटभर आहे. नायक बोलतो ते असेच, दोन-तीन शब्दांचे तुकडे जोडून. पण गंमत अशी, की सबंध चित्रपटात सर्वांत सरळ आणि खरे बोलणारा माणूस तोच आहे. ज्यांचे व्याकरण निर्दोष आहे त्यांच्या तोंडून आडपडदा, टोमणा आणि लबाडी यांखेरीज फारसे काही बाहेर पडत नाही. चित्रपटाला मोडक्या भाषेतले नाव देऊन दिग्दर्शकाने आपण कोणाच्या बाजूला बसलो आहोत हे पहिल्याच पाटीत सांगून टाकले आहे.

नायकाच्या नावाचीही अशीच कथा. सगळे त्याला अली म्हणतात. वास्तविक त्याचे नाव लांबलचक आहे आणि तो ते एकदा म्हाताराला नव्हे, त्या म्हातारीला सांगतोही. पण अरब दिसला की तो अली, इतका विचार जर्मन शेजाराला पुरेसा वाटतो. ज्याचे नाव विचारण्याची गरज कोणाला भासत नाही, अशा माणसाची ही गोष्ट आहे.

पाहुणे मजूर

हा अली तेथे आला कसा, हे कळल्याशिवाय गोष्टीचे वजन कळत नाही. म्हणून थोडा इतिहास.

दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेल्या पश्चिम जर्मनीत १९५० नंतर कारखाने इतक्या वेगाने उभे राहिले, की हात कमी पडू लागले. तेव्हा सरकारने इतर देशांशी करार करून मजुरांची रीतसर भरती सुरू केली. पहिला करार १९५५ साली इटलीशी झाला. १९६० साली स्पेन आणि ग्रीस, १९६१ साली तुर्कस्तान, १९६३ साली मोरोक्को, १९६४ साली पोर्तुगाल, १९६५ साली ट्युनिशिया आणि १९६८ साली युगोस्लाव्हिया, अशी ही यादी वाढत गेली. मध्यंतरी १९६१ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. पूर्व जर्मनीतून पळून येणाऱ्या माणसांचा ओघ त्यामुळे आटला, आणि बाहेरच्या मजुरांची निकड अधिकच वाढली.

या मजुरांना जर्मनांनी जो शब्द योजला त्याचा अर्थ 'पाहुणे कामकरी' असा होतो. शब्द गोड आहे; पण त्यात एक अट दडलेली आहे. पाहुण्याने केव्हातरी परत जायचे असते. माणूस यावा, दोन वर्षे राबावा, पैसे गाठीला बांधून घरी जावा आणि त्याच्या जागी दुसरा यावा, अशी प्रारंभीची कल्पना होती. तुर्कस्तानशी झालेल्या करारात ही दोन वर्षांची मर्यादा स्पष्ट लिहिलेली होती. पुढे कारखानदारांच्याच ध्यानात आले, की शिकवून तयार केलेला माणूस घालवून दर दोन वर्षांनी नवशिका आणणे हा घाट्याचा धंदा आहे. १९६४ साली ती मर्यादा काढून टाकण्यात आली.

त्याच १९६४ साली दहा लाखावा पाहुणा मजूर आला. तो एक पोर्तुगीज होता. कोलोनमधल्या एका स्थानकावर त्याचे वाजतगाजत स्वागत झाले, फुले देण्यात आली आणि बक्षीस म्हणून एक मोपेड मिळाली. बावरलेला तो मनुष्य त्या मोपेडवर बसला आहे, असे छायाचित्र पुढे शाळेच्या पुस्तकांतून झळकले. ती मोपेड आज बॉनच्या इतिहास-संग्रहालयात आहे. तो माणूस मात्र आजारी होऊन आपल्या देशी परतला आणि १९७९ साली तेथेच वारला. स्वागताचे वाद्य वाजवणारे पुष्कळ असतात; पुढे त्या पाहुण्याचे काय झाले हे विचारणारे थोडे.

हे मजूर राहत कोठे? कंपन्यांच्या बराकींत, वसतिगृहांत, एकेका खोलीत चार-चार, सहा-सहा जण. चित्रपटातला अलीही असाच सहा जणांत एका खोलीत राहतो. गिरणगावातल्या एका गाळ्यात पाळीपाळीने वळकट्या पसरणारे कामकरी ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे चित्र नवे वाटणार नाही. फरक इतकाच, की गिरणीकामगार खोलीबाहेर पडला म्हणजे त्याच्या कानावर आपली भाषा पडे, भजन पडे, गावचा माणूस भेटे. अली खोलीबाहेर पडला म्हणजे कोणीच भेटत नाही.

१९५५ ते १९७३ या अठरा वर्षांत सुमारे १ कोटी ४० लाख परदेशी मजूर पश्चिम जर्मनीत आले आणि त्यांतले सुमारे १ कोटी १० लाख परतही गेले. १९७३ साली तेलाच्या टंचाईने अर्थव्यवस्था हादरली आणि त्या वर्षी २३ नोव्हेंबरला भरती एकदम बंद झाली. त्या घडीला सुमारे २६ लाख परदेशी मजूर कामावर होते. फासबिंडर यांचे चित्रण त्याच वर्षी झालेले आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आदल्या वर्षी, १९७२ च्या सप्टेंबरात, म्यूनिक शहरात ऑलिंपिक खेळांच्या वेळी पॅलेस्टिनी हल्लेखोरांनी इस्रायली खेळाडूंना ओलीस धरले आणि त्या प्रकरणात अकरा इस्रायली मारले गेले. कथा घडते ती याच म्यूनिक शहरात, आणि नायक अरब आहे. त्या काळच्या प्रेक्षकाला हे सांगावे लागत नव्हते. आपल्याला ते मुद्दाम आठवून घ्यावे लागते.

पावसातली ओळख

आता कथा. एमी नावाची एक विधवा बाई कचेऱ्यांची झाडलोट आणि फरशी पुसण्याचे काम करते. तीन मुले आहेत, तिघांचेही संसार वेगळे. सणासुदीखेरीज कोणी फिरकत नाही. एका संध्याकाळी पाऊस येतो म्हणून ती एका बारमध्ये शिरते. रोज येता-जाता तेथले परदेशी गाणे तिच्या कानावर पडत असते, त्याचेही कुतूहल असते. आत सगळे अरब मजूर आणि दोन-तीन जर्मन बायका. सगळे वळून तिच्याकडे टक लावून पाहतात. ती दाराजवळच्या मेजाशी अंग चोरून बसते आणि कोला मागवते. तेवढ्यात एक बाई अलीला डिवचते, की जा, त्या म्हातारीबरोबर नाच. थट्टाच ती. पण अली उठतो, तिच्यापाशी जातो आणि अदबीने विचारतो. तो तिच्याबरोबर नाचतो, तिच्या कोलाचे पैसे देतो, तिला घरापर्यंत पोहोचवतो.

थट्टेतून सुरू झालेली गोष्ट थट्टेत संपत नाही, कारण दोघांनाही बोलायला माणूस हवे असते. ती त्याला वर बोलावते, कॉफी करते. पाऊस थांबत नाही, शेवटची गाडी निघून गेलेली असते, तो राहतो. त्या रात्री दोघांत पुष्कळ बोलणे होते. तो सांगतो, की येथे जर्मन म्हणजे धनी आणि अरब म्हणजे कुत्रा. ती सांगते, की आपला नवरा पोलंडचा होता, युद्धकाळात मजुरीसाठी आणलेला. बापाला ते लग्न मुळीच पसंत नव्हते. बाप हिटलरच्या पक्षात होता, आपणही होतो, तेव्हा सगळेच होते. हे ती अगदी सहज, भाजी निवडता निवडता बोलावे तसे बोलते. आणि येथेच चित्रपट पहिला धक्का देतो. ही म्हातारी साध्वी नाही, क्रांतिकारक नाही. ती अगदी चारचौघींसारखी आहे. तिच्या मनात द्वेष नाही, पण जो काळ द्वेषावर उभा होता त्या काळात तीही निमूटपणे उभी होती.

पुढे घरमालकाचा मुलगा पोटभाडेकरू ठेवल्याबद्दल हटकायला येतो, तेव्हा तिच्या तोंडून पटकन निघून जाते, की हा पोटभाडेकरू नाही, आमचे लग्न ठरले आहे. नंतर ती ओशाळते. पण अलीला कल्पना पसंत पडते. लग्न होते. लग्नाचे जेवण ती एका भारी हॉटेलात घेते. का? तर तेथे हिटलर जेवत असे, आणि तिला कित्येक वर्षांपासून तेथे एकदा जेवायचे होते! अरब नवऱ्याला बरोबर घेऊन हिटलरच्या आवडत्या मेजाशी जेवायला बसणारी ही बाई. तिला त्यातला विरोध जाणवतही नाही. वाढप्यापुढे दोघेही गोंधळतात. खाद्यपदार्थांची नावे उच्चारता येत नाहीत. भारी हॉटेलात गरीब माणसाची जी अवस्था होते ती गोऱ्या बाईची आणि काळ्या नवऱ्याची सारखीच होते, हे दिग्दर्शक एका शब्दानेही न सांगता दाखवतो.

बहिष्काराची रीत

आणि मग बहिष्कार सुरू होतो. हा बहिष्कार कसा आहे ते नीट पाहण्यासारखे आहे. कोणी दगड मारत नाही. शेजारणी जिन्यात कुजबुजतात आणि म्हणतात, की आडनाव बघा ना तिचे, खरी जर्मन ती कोठली! किराणा दुकानदार अलीचे बोलणे कळत असूनही न कळल्याचा आव आणतो आणि त्याला माल देत नाही. बरोबर काम करणाऱ्या बायका दुपारी जेवताना एमीला वगळून बसतात. मुलांना ती नवरा दाखवते, तेव्हा तिघेही काही क्षण गप्प राहतात. मग एक मुलगा उठतो आणि लाथ मारून तिचा टेलिव्हिजन फोडतो. शेजारणी गोंगाटाची तक्रार करून पोलीस बोलावतात. पोलीस येतात आणि सभ्यपणे, जरा आवाज कमी करा एवढे सांगून जातात. म्हणजे कायदा निर्दय नाही. निर्दयता आहे ती रोजच्या 'कसं काय' मध्ये, दुकानाच्या फळीवर, जेवणाच्या डब्याभोवती.

येथे चित्रणाच्या पद्धतीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण या चित्रपटाचा निम्मा अर्थ कॅमेऱ्याच्या जागेत आहे. युर्गेन युर्गेस यांचा कॅमेरा पात्रांच्या जवळ फारसा जात नाही. तो शेजारच्या खोलीत उभा राहतो आणि दाराच्या चौकटीतून दोघांना पाहतो. तो जिन्याच्या कठड्याआडून एमीकडे पाहतो, तेव्हा कठड्याचे गज तुरुंगाच्या गजांसारखे तिच्यापुढे उभे राहतात आणि ती एकटीच पायरीवर बसून डबा खात असते. दुसरी युक्ती टक लावून पाहण्याची. या चित्रपटातली माणसे बोलण्यापेक्षा पाहतात अधिक. एक प्रसंग आहे, उघड्यावरच्या उपाहारगृहाचा. पिवळ्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या, सगळ्या रिकाम्या. मधोमध एका मेजाशी हे दोघे. दूर उभे राहून नोकर-चाकर पाहत आहेत. पुढे कोणी येत नाही. एमीचा बांध तेथे फुटतो. ती रडत म्हणते, की सगळ्या जगात आपण दोघेच असतो तर किती बरे झाले असते. आणि मग स्वतःची समजूत घालते, की आपण कोठेतरी सुटीला जाऊ आणि परत येऊ तेव्हा सारे बदललेले असेल.

बदल होतो, पण कसा?

साधा दिग्दर्शक असता तर त्याने येथून पुढे दोघांचा छळ वाढवत नेला असता आणि शेवटी आपल्याला रडवून घरी पाठवले असते. फासबिंडर तसे करत नाहीत. सुटीहून दोघे परत येतात आणि खरोखरच सारे बदललेले असते! पण का? दुकानदाराच्या लक्षात आलेले असते, की जवळच मोठे दुकान निघाले आहे आणि जुने गिऱ्हाईक तोडणे परवडणार नाही. शेजारणीला सामान ठेवायला एमीची तळघरातली जागा हवी असते. टेलिव्हिजन फोडणारा मुलगा भरपाईचा चेक पाठवतो, आणि पाठोपाठ येऊन विचारतो, की आमचे मूल दुपारचे सांभाळशील काय. कामावरच्या बायकांनाही तिची गरज पडते.

म्हणजे मने बदललेली नाहीत. सोय बदललेली आहे. द्वेष गेला नाही, त्याने फक्त हिशेब मांडला. आम्हांला वाटते, या चित्रपटाचे खरे मर्म येथे आहे. परक्याला समाज पुष्कळदा गरजेपोटी स्वीकारतो. पश्चिम जर्मनीने पाहुणे मजूर बोलावले ते गरजेपोटीच, आणि १९७३ साली दार लावले तेही गरज सरली म्हणून. गरजेने उघडलेले दार गरजेनेच बंद होते, ही गोष्ट एका राष्ट्राच्या बाबतीत आणि एका जिन्याच्या बाबतीत सारखीच खरी आहे.

पण याहूनही कडू घोट पुढे आहे. बाहेरचा दाब उतरला, की आतली भेग दिसू लागते. एमीला आता पुन्हा चारचौघींत बसायला मिळते, आणि त्या सुखासाठी ती हळूहळू किंमत मोजू लागते. मैत्रिणी घरी आल्या, की ती अलीचे दंड त्यांना चाचपून पाहायला लावते, जणू बाजारातला बैल. अली उठून जातो तेव्हा ती म्हणते, की त्याचा स्वभावच परदेशी. अलीला कुसकुस खावेसे वाटते. कुसकुस म्हणजे गव्हाच्या जाडसर रव्याचे वाफवलेले बारीक दाणे. उत्तर आफ्रिकेत ते आपल्याकडच्या भाकरीइतके रोजचे. ती त्याला सांगते, की जर्मनीत कुसकुस खात नाहीत, तुलाही येथल्या रीती शिकल्या पाहिजेत. ज्या बाईने सगळ्यांशी भांडून त्याला घरात घेतले, तीच आता त्याच्या ताटावर हरकत घेते.

आणि मग पुन्हा तो जिना. कामावर एक नवी बाई आलेली असते, युगोस्लाव्हियाच्या हर्जेगोव्हिना भागातली, कमी पगारावर घेतलेली. जुन्या बायका तिला वगळून जेवायला बसतात. ती एकटीच पायरीवर, कठड्याच्या गजांआड. तोच जिना, तोच कोन, तीच चौकट. बदल इतकाच, की गजांआड दुसरी बाई आहे आणि एमी आता वगळणाऱ्यांत सामील आहे. या जागी प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो. दुःख भोगले म्हणजे माणूस आपोआप शहाणा होतो, असे आपण मानून चालतो. हा चित्रपट म्हणतो, तसे काही नाही. दुःख भोगलेल्या माणसालाही एकटेपणाची भीती असतेच. किंबहुना त्यालाच ती अधिक असते, कारण त्याने तो भोगलेला असतो. त्या भीतीपोटी तो दुसऱ्याला गजांआड बसवतो. भीती जिवाला खाते ती अशी.

अलीही निर्दोष राहत नाही. तो बारच्या मालकिणीकडे जातो. ती त्याला कुसकुस करून घालू शकते. एमी त्याला शोधत गॅरेजवर येते तेव्हा सोबतचे कामगार विचारतात, ही तुझी मोरोक्कोची आजी की काय? सगळे हसतात, आणि अली तिची बाजू घेत नाही. तिने मैत्रिणींपुढे जे केले तेच तो मित्रांपुढे करतो.

पोटातला व्रण

शेवट असा आहे. एमी पुन्हा त्या बारमध्ये येते, पहिल्या रात्रीचेच गाणे लावायला सांगते आणि दोघे पुन्हा नाचतात. ती म्हणते, तू कोठे जातोस-येतोस त्याला माझी हरकत नाही. पण आपण एकत्र असू तेव्हा एकमेकांशी मायेने वागले पाहिजे. नाचता नाचता अली कळवळून खाली कोसळतो. रुग्णालयात डॉक्टर सांगतात, की याच्या पोटात व्रण फुटला आहे. परदेशी मजुरांत हे नेहमीचे आहे. त्यांच्या मनावर सतत ताण असतो. शस्त्रक्रिया होईल, तो बरा होईल, पण सहा महिन्यांनी पुन्हा येथेच येईल. एमी म्हणते, मी तसे होऊ देणार नाही. ती त्याचा हात धरून बसते, आणि चित्रपट संपतो.

येथे आजच्या ज्ञानाने एक दुरुस्ती केली पाहिजे. त्या काळी पोटातला व्रण प्रामुख्याने मनाच्या ताणाने होतो अशी वैद्यांची समजूत होती. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवून दिले, की यामागे बहुधा एक जंतू असतो. त्या शोधाबद्दल दोघांना २००५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज अलीला चित्रपटातल्या डॉक्टरांकडून इतके निराशेचे उत्तर ऐकावे लागले नसते. औषधांच्या एका पाठाने तो बहुधा कायमचा बरा झाला असता. पण म्हणून चित्रपट खोटा ठरत नाही. डॉक्टरांच्या बोलण्यातले वैद्यक जुने झाले. त्यातले समाजशास्त्र जुने झालेले नाही. सहा जणांची खोली, शिळे अन्न, न कळणारी भाषा आणि रोजचा अपमान यांची नोंद माणसाच्या देहात कोठेतरी होतच असते.

हा शेवट फासबिंडर यांनी विचारपूर्वक निवडला, असे म्हणायला आधार आहे. १९७० सालच्या त्यांच्या आणखी एका चित्रपटात एक मोलकरीण हीच कथा थोडक्यात सांगते. तिच्यात मात्र म्हातारी गळा दाबून मारलेली आढळते. ती वर्तमानपत्रात शोभणारी कथा होती. चार वर्षांनी त्यांनी खून काढून टाकला आणि त्या जागी रुग्णाच्या उशाशी बसलेली बाई आणली. मधल्या काळात डग्लस सर्क यांच्या चित्रपटांचा त्यांनी अभ्यास केला होता. सर्क हे स्वतःच जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेले दिग्दर्शक. त्यांच्या १९५५ सालच्या एका चित्रपटात सधन विधवा आणि तिचा तरुण माळी यांचे प्रेम जमते आणि मुले आईला एकटेपणावर उतारा म्हणून टेलिव्हिजन भेट देतात. फासबिंडर यांच्याकडे मुलगा तोच टेलिव्हिजन लाथेने फोडतो. एके ठिकाणी यंत्र देऊन आईला गप्प बसवणे, दुसरीकडे यंत्र फोडून गप्प बसवणे; हेतू एकच.

शेवटी काय उरते?

एमीची भूमिका ब्रिगिटे मीरा यांनी केली आणि त्याबद्दल त्यांना जर्मनीचे राष्ट्रीय चित्रपट पारितोषिक मिळाले. अलीची भूमिका करणारे एल हेदी बेन सालेम हे स्वतःच मोरोक्कोतून आलेले, व्यवसायाने नट नसलेले गृहस्थ होते. कथेत अली आपले म्हणून जे लांबलचक नाव सांगतो ते त्यांचेच. काही काळ ते फासबिंडर यांचे जीवनसाथी होते. पुढे दोघे दुरावले. १९७७ साली फ्रान्समधील एका तुरुंगात सालेम यांचा मृत्यू झाला. फासबिंडर १९८२ साली, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी वारले. त्यांचा शेवटचा चित्रपट त्यांनी सालेम यांच्याशी असलेल्या मैत्रीला अर्पण केला आहे, आणि त्या अर्पणपत्रिकेत अली हे नाव नाही. तेथे ते लांबलचक नाव पुरतेपणी लिहिलेले आहे.

आणि जर्मनीचे काय झाले? १९७३ साली दार लावल्याने पाहुणे कमी होतील, असा सरकारचा अंदाज होता. झाले उलटे. एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही, या भीतीने माणसे जागीच राहिली आणि त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतले. १९७३ साली सुमारे ४० लाख असलेली परदेशी वस्ती १९८० साली सुमारे ४५ लाखांवर गेली. पाहुणे हे पाहुणे राहिले नाहीत, ते शेजारी झाले. तरी परदेशी आईबापांच्या पोटी तेथे जन्मलेल्या मुलांना जन्माने नागरिकत्व मिळण्याची तरतूद काही अटींवर का होईना कायद्यात यायला २००० साल उजाडावे लागले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. एकटेपणावर औषध सोबत हेच आहे. पण ती सोबत कोणत्या अटींवर, याचे या चित्रपटाने दिलेले उत्तर आम्हांला असे दिसते. ज्या सोबतीत एकाने आपले नाव, आपली भाषा आणि आपले जेवण दाराबाहेर ठेवून आत यायचे असते, ती सोबत टिकत नाही. कारण आत आलेला माणूस तेथेही एकटाच राहतो. आणि दुसरे असे, की चारचौघांत जागा मिळावी म्हणून आपण दुसऱ्या कोणाला पायरीवर बसवत असू, तर आपल्याला मिळालेली जागाही सुरक्षित नसते. आज तिची पाळी, उद्या आपली. एमीला हे उशिरा कळते, पण कळते. म्हणूनच शेवटी ती मोठ्या आणाभाका घेत नाही. सहा महिन्यांनी हा पुन्हा येथे येणार असे डॉक्टर सांगत असतात, आणि ही झाडूवाली बाई, जिच्या हातात ना पैसा ना सत्ता, ते मानायला तयार नसते. तिचे म्हणणे खरे ठरेल की डॉक्टरांचे, हे चित्रपट सांगत नाही. ते तिच्या पुढल्या वागण्यावर अवलंबून आहे, आणि तिच्या जिन्यातल्या शेजाऱ्यांच्याही.